पेटीत वर काय ठेवायचं

घर रिकामं करा, पण कुठे जायचं ते विचारू नका, असं सांगणाऱ्या माणसाला एकदा स्वतःच्या घरातले पडदे उतरवायला लावावेत. स्टुलावर चढून, हात वर करून, तोंडात पिना धरून. हे मी रागाने लिहिते आहे. राग निवळायची वाट बघत बसले तर लिहिणंच होणार नाही.

राग माझ्यासाठी नाही. माझं सामान एका पिशवीत मावतं. राग आहे तो माझ्या सुनेसाठी, आणि लिहायचं आहे तेही तिच्याविषयीच. माझा मुलगा सैन्यात गाड्यांचा मेकॅनिक आहे. सैनिकांविषयी लोक लिहितात, त्यांचे फोटो छापतात, भाषणांत त्यांचं नाव घेतात. त्यांच्यामागून गाद्या-पातेली घेऊन जी बाई गावोगाव फिरते, तिच्याविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही.

सून कवळ्या बनवते. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो आणि मागच्या खोलीत पाठवून देतो. त्या मागच्या खोलीत माझी सून बसते. मापात प्लॅस्टर ओतायचं, साचा काढायचा, गुलाबी मेणावर एकेक दात बसवायचा, मग घासून घासून अशी चकाकी आणायची की जिभेला कुठे टोचता कामा नये. ज्याच्यासाठी हे चालतं त्याला ती कधी बघत नाही आणि तो हिला. लग्न झाल्यापासून मुलाच्या बदल्या झाल्या तशी तिने गावं सोडली, आणि प्रत्येक गावात नव्याने काम शोधलं. तिला विचारलं तर हसून म्हणते, "बोळकी तोंडं सगळीकडे असतात, आई. तेवढं एक बरं आहे."

त्यांची मुलगी सहा वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतो.

आता झालं ते सांगते. वसाहतीच्या जिन्यात एके सकाळी नोटीस लागली. तुकडीला हुकूम यायचा आहे, तेव्हा सर्व कुटुंबांनी महिनाअखेरीपर्यंत जागा सोडाव्यात. बस, एवढंच. हुकूम कुठला, ते नोटिशीत नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी बायकांत दोन गोष्टी बोलल्या जात होत्या. एक अशी की सगळ्यांना दक्षिणेकडच्या मोठ्या तळावर हलवणार, तिथे कुटुंबांनाही जागा आहेत. दुसरी अशी की पुरुषांना तेवढं वर डोंगराकडे, सरहद्दीवर पाठवणार आणि घरच्यांनी आपापलं बघायचं. आम्हाला एवढंच कळायला हवं होतं की माझा मुलगा आमच्याबरोबर असणार की नाही. असणार असला तर भिंगरीचं नाव इथल्या शाळेतून काढायचं, सुनेने डॉक्टरला काम सोडते म्हणून सांगायचं, सामान बांधून ठेवायचं. नसणार असला तर याच गावात भाड्याची खोली घेऊन, दार घट्ट लावून, तो ज्या जागी गेला असेल त्या जागेचा विचार करत बसायचं. दोन्हींची तयारी वेगळी. एकाच घरात दोन्ही तयाऱ्या कशा करायच्या, हे त्या नोटीस लावणाऱ्याने सांगितलं असतं तर उपकार झाले असते.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, कळलं तर सांगता यायचं नाही, आणि कळलेलंच नाही. तेव्हा विचारूच नकोस, दोघांचा त्रास वाचेल." हसत म्हणाला, पण बुटांना पॉलिश करताना तेच तेच टोक पुसत बसला होता.

सुनेने मात्र एक दिवस वाया घालवला नाही. दुपारी दवाखान्यातून सुटली की भिंगरीला हाताला धरून खोल्या बघायला जायची. घरमालकांचा पहिला प्रश्न एकच. किती दिवस राहणार? ही खरं सांगायची की माहीत नाही. मी तिला म्हटलं, अगं, सांगून टाक की वर्षभर. ती म्हणाली, "आणि हुकूम आला की तोंड कुणी लपवायचं?" एकाने दार अर्धवट उघडून विचारलं की नवरा काय करतो, आणि सैन्यात म्हटल्यावर छान छान म्हणत दार लावून घेतलं. अभिमान सगळ्यांना आहे, भाडेकरू म्हणून मात्र नको.

शेवटी सायकली दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने आपल्या दुकानावरच्या दोन खोल्या दिल्या. त्यानेही तोच प्रश्न विचारला, आणि हिने तेच उत्तर दिलं. तो चाकाच्या तारा ताणत होता. मान वर न करता म्हणाला, "चाक कधी पंक्चर होईल ते मलासुद्धा माहीत नसतं. या."

सुनेची सामान बांधायची एक रीत आहे, ती इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. एक मोठी लोखंडी पेटी ती सगळ्यांत शेवटी ट्रकमध्ये चढवते आणि सगळ्यांत आधी उतरवते. तिला आम्ही पहिली पेटी म्हणतो. नव्या घरात पाऊल टाकल्यावर पहिल्या संध्याकाळी जे जे लागतं ते त्यात असतं. बल्ब, हातोडी, खिळे, दोरी, छोटा स्टोव्ह, एक पातेलं, एक कढई, चहा-साखरेचे डबे, साबण, भिंगरीच्या सपाता, आणि पडदे. पडदे लागतातच, असं तिचं म्हणणं. खोक्यांच्या ढिगात का असेना, खिडकीला पडदा लागला की घर आपलं होतं. दर घराच्या खिडक्या वेगळ्या उंचीच्या, म्हणून पडद्यांना ती खाली चांगली वीतभर दुमड ठेवते. खिडकी उंच निघाली की उसवते, बुटकी निघाली की पुन्हा दुमडते. त्या निळ्या पडद्यांवर जुन्या शिलाईच्या इतक्या रेघा आहेत की एकेका रेघेला आम्ही गावाच्या नावाने ओळखतो.

मुलाची स्वतःची पेटीही तशीच. तितकीच मोठी, तितकीच काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात तेच आडनाव आणि तोच नंबर, कारण जागा त्याच्याच नावावर आणि सामानही. ओळखू यावी म्हणून सुनेने पहिल्या पेटीवर लाल पट्टा ओढला होता. बरीच वर्षं तो पट्टा तिथे होता आणि त्याने सैन्याचं काही वाकडं केलं नव्हतं.

महिनाअखेरीला जागा तपासायला तपासनीस आला. नळ मोजले, काचा मोजल्या, भिंतींवर हात फिरवला. खिळ्यांची भोकं शोधत होता, त्याला एक सापडलं नाही. सापडणार कसं, सुनेने दवाखान्यातलं उरलेलं प्लॅस्टर आणून सगळी भोकं अशी बुजवली होती, जशी ती हिरडी गुळगुळीत करते. भिंतीत काही मिळेना तेव्हा त्याची नजर पेट्यांवर गेली. नवीन नियम आहे म्हणाला, पेटीवर नाव आणि नंबर सोडून दुसरी कुठलीही खूण चालणार नाही, पट्टा पुसा. मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, "एकसारखं दिसायला हवं, मावशी." कुणाला दिसायला हवं, हे त्याने सांगितलं नाही. मुलाने निमूटपणे काळा रंग आणला आणि पट्ट्यावरून ब्रश फिरवला. तो ओला रंग वाळत असताना सून दारात उभी राहून बघत होती. तपासनीस गेल्यावर म्हणाली, "कवळ्यासुद्धा मी एकसारख्या करत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. सामानाचा ट्रक दुपारनंतर यायचा होता आणि मुलाला दोन दिवसांची सवड होती. पण सकाळीच तो धापा टाकत जिना चढून आला. हुकूम आला होता, आत्ता लगेच. खाली गाडी सुरूच ठेवलेली, चालक भोंगा वाजवत होता. कुठे, ते गाडीत बसलेल्या कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्याने भिंगरीला उचललं, माझ्या पायाशी वाकला, मग सुनेकडे बघितलं. दोघांनी मिळून पेटी उचलली. एका कडीला तो, दुसऱ्या कडीला ती. जिन्यातून खाली नेली, गाडीत ढकलली. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा भिंगरी विचारत होती की बाबांना आपलं नवीन घर कसं सापडणार.

संध्याकाळी सायकलवाल्याच्या वरच्या खोल्यांत सामान पोचलं. दिवस मावळत होता, खोल्यांत बल्ब नव्हते. सुनेने सवयीने आधी पहिली पेटी ओढली, कडी काढली, झाकण वर केलं आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं काही फुटलं. जवळ जाऊन बघते तर वरती त्याचे जाड तळाचे बूट. त्याखाली गरम कोट, लोकरीचे हातमोजे, कानटोपी, जाड मोजे, पातळ मोजे, दाढीचं सामान.

मी कपाळावर हात मारला. पट्टा पुसला गेला आणि घाईत पेट्यांची अदलाबदल झाली होती. माझा मुलगा कुठल्याशा ठिकाणी जाऊन पेटी उघडणार होता आणि त्यात त्याला कढई, पडदे आणि सहा वर्षांच्या मुलीच्या सपाता मिळणार होत्या.

सून आधी हसली. खोटं नाही, हसलीच. मग तिचा चेहरा बदलला. पायातल्या पातळ बुटांतच तो गेला होता. दक्षिणेला गेला असेल तर काही बिघडत नव्हतं. आणि वर गेला असेल तर? भिंगरीने तोवर दोन्ही पाय त्या बुटांत घातले होते आणि ती खोलीभर धाड धाड चालत होती. सुनेने तिला उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "काढ ते. कुणाचे तरी पाय वाट बघतायत त्यांची."

खालून सायकलवाल्याने स्वतःच्या दुकानातला बल्ब काढून वर आणून दिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी त्याचीच हातगाडी घेऊन आम्ही पेटी तुकडीच्या कचेरीत नेली. मी एक अर्ज लिहून नेला होता. कॉलेजात शिकले, तेव्हा अर्ज तरी नीट लिहिता येतो अशी माझी समजूत होती. कारकुनाने तो उलटा धरून बघितला आणि परत केला. अशी बदलाबदलीची तक्रार स्वतः जवानानेच करायची असते म्हणाला, समक्ष येऊन. मी म्हटलं, तो इथे असता तर तक्रारच नसती. त्यावर कारकून म्हणाला की जवान कुठे आहे ते सांगता येत नाही.

सुनेने पदर खोचला नाही की आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "तो कुठे आहे ते मी विचारतच नाही. त्याचे बूट इथे आहेत. ते त्याच्या पायांपर्यंत पोचवा."

कारकून म्हणाला, पेटी स्वीकारायची तर तिच्यावर पोचवायचं ठिकाण लिहावं लागतं.

"मग लिहा."

"ते सांगता येत नाही ना, बाई."

"मला सांगू नका. लिहा. मी तिकडे तोंड करून उभी राहते."

ती खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रांगेतली माणसं हसली आणि कारकून चिडला. ठिकाण त्यालाही माहीत नव्हतं, हे उघड झालं ना. म्हणाला, हे सैन्य आहे, पार्सल पोचवायचं ऑफिस नाही. मग मला राहवलं नाही. माझ्या मुलाला उचलून न्यायला यांना एक सकाळ पुरली. त्याचे बूट न्यायचे तर नियम आडवे आले. माणूस बिनपत्त्याचा जाऊ शकतो, पेटी जाऊ शकत नाही. पट्टा पुसायला लावला तो यांनी, घाई केली ती यांनी, आणि आता तक्रार करायला यायचं ते त्याने, पातळ बुटांत, जिथे असेल तिथून. मी एवढं सगळं एका दमात बोलले. कारकून म्हणाला, "मावशी, पाणी देऊ का?" पाणी नको होतं मला.

सून पेटीवर बसली. कचेरीच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. पिशवीतून एक कवळी काढली, कुणा म्हाताऱ्याची अर्धवट राहिलेली. त्याला कबूल केलेली, घर बदलायच्या गडबडीत मागे पडलेली. बारीक कानस काढून घासायला लागली. जी माणसं आमच्याकडे बघत नव्हती तीही बघायला लागली. दोन ओळी दात हातात घेऊन शांतपणे बसलेल्या बाईला उठवायचं कसं, हे कुठल्याच नियमात नसावं. कारकुनाने दोनदा घसा साफ केला. तिने मान वर केली नाही.

दुपार कलली तेव्हा आतल्या खोलीतून मोठे साहेब बाहेर आले. केस पिकलेले, थकलेले. कारकुनाने कानात काहीतरी सांगितलं. साहेब सुनेपाशी आले आणि म्हणाले की पेटी ठेवून जा, पुढे जाणाऱ्या गाडीत घालायला सांगतो, पण कुठे ते विचारू नका, मला सांगण्याची परवानगी नाही.

ती उभी राहिली. कवळी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. "विचारत नाही," ती म्हणाली. "फक्त पेटी घाईत भरलीय, नीट लावून देते. पोचल्यावर उघडली की हाताशी लगेच काय यावं? वर काय ठेवू, सुती की लोकरीचं?"

मी साहेबांकडे बघत होते. कचेरीतलं टंकलेखन थांबलं होतं. साहेबांनी एकदा खिडकीकडे बघितलं, मग पेटीकडे, मग भिंगरीकडे. ती हातगाडीच्या दांड्याला लोंबकळत होती.

"लोकरीचं वर ठेवा," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पातळ मोजे काढूनच टाका. उगाच जागा अडेल." आणि आत गेले.

सून तिथेच फरशीवर बसली आणि पेटी पुन्हा लावली. तळाशी दाढीचं सामान आणि सुती कपडे. मग बूट. त्यावर कोट. अगदी वरती हातमोजे आणि कानटोपी. पातळ मोज्यांचे जोड माझ्या हातात दिले. कळलं होतं दोघींनाही. दक्षिणेचा तळ नाही, कुटुंबांच्या जागा नाहीत, तो वर गेला आहे आणि आम्ही इथेच राहणार.

परत येताना मी हातगाडीमागून चालत होते आणि वाटेल ते बोलत होते. त्या साहेबाला एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि त्या एका वाक्यासाठी आमच्या घराला महिनाभर घोर लावला. सूनच मला समजावत होती. साहेबांचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत म्हणाली, कुणीतरी घाईत केलेलं काम, बोलताना हलतात. "पण माणूस खरं बोलला. बरेच जण स्वतःच्या दातांनीही खरं बोलत नाहीत."

त्या रात्री तिने सगळी खोकी उघडली. त्याआधी तिने एकही दोर सोडला नव्हता. भिंगरीची शाळा इथलीच ठरली, डॉक्टरकडे ती रोजच्यासारखी जायला लागली, त्या म्हाताऱ्याला कवळी मिळाली आणि त्याने म्हणे पहिल्याच दिवशी बायकोशी भांडण काढलं. आमच्या खिडकीला मात्र वर्तमानपत्रं लावलेली होती. निळे पडदे पहिल्या पेटीत होते आणि पहिली पेटी डोंगरात.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमची जुनी जागा ज्यांच्यासाठी घाईघाईने रिकामी करून घेतली ते कुटुंब आलंच नाही. त्यांचाही हुकूम बदलला. मी परवा मुद्दाम त्या बाजूने गेले. दाराला कुलूप, खिडक्यांवर धूळ. आत भिंतीत माझ्या सुनेचं प्लॅस्टर आहे, आणि ते बघायला कुणी नाही. तपासनीस सायकलवरून चालला होता. मी त्याला हाक मारून विचारलं, आता कसं, एकसारखं दिसतंय ना? तो ओळख न दाखवता पुढे गेला.

पहिली पेटी बऱ्याच आठवड्यांनी परत आली. एका ट्रकवाल्याने ती सायकलच्या दुकानात आणून टाकली, काही न सांगता. मी आणि भिंगरी धावत खाली गेलो. दुकानातच सुनेने झाकण उघडलं. बल्ब होते, हातोडी होती, साबण संपला होता, साखरेचा डबा रिकामा. कढईचा तळ जळून कोळसा झालेला, पुरुषांनी स्वयंपाक केल्याची खूण. सपाता एका स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेल्या. चिठ्ठी नव्हती, तिकडून चिठ्ठ्या यायच्या नाहीतच. पडदे नव्हते.

भिंगरी म्हणाली, बाबांनी आपले पडदे चोरले. मलाही क्षणभर वाटलं की वाटेत कुणी उचलले असतील, या लोकांच्या हातून काय सुखरूप येतंय. सून पेटीत हात घालून तळ चाचपत होती. मग ती तशीच उकिडवी बसली आणि माझ्याकडे वर बघितलं.

"पडदे ठेवून घेतलेत," ती म्हणाली. "म्हणजे खिडकी आहे, आई."

नोटिसा लावणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी, अर्ज परत करणाऱ्यांनी, सगळ्यांनी मिळून आम्हाला जे सांगितलं नव्हतं, ते तिने रिकाम्या पेटीतून काढलं. भिंती आहेत. छप्पर आहे. खिडकी आहे, आणि आत थंडी येते म्हणून असेल किंवा सवय म्हणून असेल, त्याने आमचे निळे पडदे तिला लावले आहेत. त्या शिलाईच्या रेघांवर हात फिरवून तोही गावं ओळखत असेल. सायकलवाल्याला काही समजलं नाही, तरी त्याने चहा मागवला.

मग तिने नवीन कापड आणलं, पिवळं. खिडकी मोजली, कापड जमिनीवर पसरलं, खडूने रेघ मारली. मी सवयीने म्हटलं की खाली दुमड सोड, पुढच्या घराची खिडकी उंच असली तर? नवीन नोटीस कधी लागेल त्याचा भरवसा नाही, गावात राहिलेल्या आमच्यासारख्या बायकांत पुन्हा कुजबुज सुरू झालीच आहे.

तिने कात्री उचलली आणि बरोबर या खिडकीच्या मापावर कापड कापलं. "दुमड त्यांनी सोडावी आता," ती म्हणाली. "मी नाही सोडणार."